चेहऱ्याची रोजकीर्द

शाहूपुरीतील एका पतसंस्थेत मी गेली सहा वर्षे रोखपालाच्या खिडकीत बसते. खिडकीत बसणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या एकट्याचा राहत नाही. दिवसभरात शंभरएक माणसे तो हातभर अंतरावरून पाहतात, आणि पाहिलेले मनात ठेवण्याची आमच्या कोल्हापुरात पद्धत नाही. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी संपल्यावर, मी मुरुमांसाठी नवे औषध सुरू केले आणि तिसऱ्या आठवड्यात चेहरा आधीपेक्षाही वाईट झाला, तेव्हा त्याची बातमी मला आरशाने देण्याआधी एका निवृत्त शिक्षक खातेदारांनी दिली. पासबुक पुढे सरकवत ते म्हणाले, "बाई, कांजिण्या आल्या असतील तर रजा घ्या की."

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मुरुमे यावीत याचेच घरात नवल होते. तारुण्यपिटिका हा शब्दच असा आहे, की तारुण्य ओसरले म्हणजे त्याही ओसराव्यात अशी समजूत होते. प्रत्यक्षात पंचविशीनंतरही, विशेषतः स्त्रियांना, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुमे येत राहणे हे त्वचारोगतज्ज्ञांना रोजचेच असते. माझी जागा हीच होती. पाळीच्या आधी आठवडाभर हनुवटीवर दोन-तीन दुखऱ्या गाठी, जबड्याच्या उजव्या बाजूला पिवळ्या तोंडाचे फोड, आणि ते बसल्यावर मागे महिनोन्महिने रेंगाळणारे काळे डाग, असा तो क्रम होता.

या औषधाविषयी लिहिण्याआधी त्याच्या आधीच्या एका ट्यूबविषयी लिहावे लागेल, कारण माझी दिशाभूल तिने केली होती. दोन वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठी न दाखवता, मी 'डाग आणि पिंपल्स दोन्हींवर चालते' अशा शिफारशीने एक मलम आणले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन औषधे एकत्र होती, आणि मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, हे मला फार उशिरा समजले. चौथ्या दिवशी फोड बसले, आठव्या दिवशी चेहरा उजळ दिसू लागला आणि जाऊबाईंनीही तीच ट्यूब मागवून घेतली. पुढे मात्र एक दिवस लावायचे राहिले की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होई, बारीक पुरळ उठे आणि पुन्हा लावले की सारे निवे. पाच महिन्यांत माझा चेहरा त्या ट्यूबचा मिंधा झाला. अशी स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केलेला आहे. दुकानदाराने तो पाळला नाही आणि मीही विचारले नाही. ती ट्यूब सोडल्यावर चेहरा मूळ पदावर यायला सात-आठ महिने गेले. मुरुमे अर्थातच जिथल्या तिथे होती.

या प्रकरणातून मी चुकीचाच धडा घेतला होता. लावल्याबरोबर गुण देते ते चांगले औषध आणि लावल्यावर त्रास वाढवते ते आपल्याला न मानवणारे, हे गणित डोक्यात पक्के बसले होते. नव्या औषधाचा क्रम नेमका उलटा निघाला.

राजारामपुरीतील ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी गेले, त्यांनी आधी पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. पाळी नियमित येते का, हनुवटीवर किंवा ओठांवर लव वाढली आहे का, वजन अलीकडे वाढले आहे का, घरात कोणाला असा त्रास होता का आणि येत्या काळात मूल होऊ देण्याचा विचार आहे का. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, कारण रेटिनॉइड या वर्गातील औषधे गरोदरपणात टाळली जातात. मग त्यांनी रात्री लावण्यासाठी ०.१ टक्का ॲडॅपलीनचे जेल आणि सकाळी फक्त सुजलेल्या फोडांवर टेकवण्यासाठी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड लिहून दिले. ॲडॅपलीन हे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या याच रेटिनॉइड औषधांच्या घराण्यातील. त्या घराण्यातले थोरले ट्रेटिनॉइन, म्हणजे माझ्या जुन्या ट्यूबमध्ये स्टेरॉइडच्या आडोशाला बसलेले तेच. ॲडॅपलीन त्यामानाने त्वचेला सोसवणारे आणि उजेडाने सहजी न बिघडणारे आहे. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली आणि २०१६ पासून त्याचे हेच सौम्य जेल तिथे चिठ्ठीविना मिळते.

"पहिले सहा ते आठ आठवडे चेहरा आत्तापेक्षा बिघडल्यासारखा वाटू शकतो. सगळ्यांचाच बिघडतो असे नाही, पण तुमचा बिघडला तर घाबरून बंद करू नका, मला फोन करा," असे त्यांनी चिठ्ठी हातात देतानाच सांगितले. त्यामागचे कारणही सांगितले. आपल्याला दिसणारा फोड हा त्या दिवशी जन्मलेला नसतो. रोमरंध्राच्या आत मृत पेशी आणि तैलग्रंथींचा स्निग्ध स्राव यांचे बारीक बूच बसते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि त्या बुचाचा दिसण्याजोगा मुरूम व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे वरून स्वच्छ भासणाऱ्या हनुवटीखालीही अशी बुचे कमी-अधिक अवस्थांत तयार असतात. ॲडॅपलीन पेशींची उलाढाल वाढवते आणि ही बुचे सैल करते, त्यामुळे जी पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेक करून वर आली असती ती थोडक्या दिवसांत एकदम वर येतात. मला हे माझ्या धंद्याच्या भाषेत लगेच कळले. वेगवेगळ्या तारखांना मुदत संपणाऱ्या ठेवींचे सगळे ठेवीदार एकाच आठवड्यात खिडकीवर आले, तर रांग रस्त्यापर्यंत लागते, पण संस्थेचे देणे काही वाढलेले नसते.

इतके नीट समजूनही मी चुका केल्याच, आणि त्या मोकळेपणाने लिहिल्या पाहिजेत, कारण माझ्या चेहऱ्यावर जे झाले त्यातले निम्मे औषधाचे होते आणि निम्मे माझे.

जेल वाटाण्याएवढे घ्यायला सांगितले होते. मी कपाळाला एक वाटाणा, दोन्ही गालांना दोन आणि हनुवटीला एक असे चार वाटाणे घेतले. एक वाटाणा सबंध चेहऱ्यासाठी असतो, हे माझ्या कानांवरून गेले होते. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड लावायचे होते, पण तीन वेळा लावूनही काहीच होत नाही म्हणून सहाव्या दिवसापासून मी रोज रात्री लावू लागले. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा होता; मी ओलसर चेहऱ्यावरच लावून दिवा मालवत असे. ओलसर त्वचेत असे औषध अधिक झोंबते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना पापुद्रे सुटू लागले, तेव्हा मी मसुराच्या डाळीचे पीठ सायीत कालवून ते पापुद्रे घासून काढले. ही शेवटची करामत सर्वांत महागात पडली.

त्यात थंडीचे दिवस होते. डिसेंबरमधली पहाटेची हवा कोरडी असते, गळीत हंगाम सुरू झालेला असल्याने उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटर चालवताना धूळ तोंडावर येते, आणि तोंडाला आवळून बांधलेला स्कार्फ नेमका हनुवटीवरच घासतो. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी घरात तांबडा रस्सा होता. पहिल्याच भुरक्याला ओठांच्या कोपऱ्यांत अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आले. सासूबाईंना वाटले तिखट जास्त झाले. वस्तुतः जेल ओठांच्या कडेपर्यंत पसरून तिथली कातडी सोलवटली होती. त्यानंतर दहा-बारा दिवस मी पांढऱ्या रश्श्यावरच भागवले, आणि आमच्या घरात ही लहान बाब नाही.

मार्गशीर्षातले गुरुवार तेव्हाच आले. शेवटच्या गुरुवारी आमच्याकडे उद्यापनाला सवाष्णी येतात. त्यांनी लावलेली हळद गालावरच्या पापुद्र्यांत जाऊन बसली आणि दोन दिवस धुऊनही गेली नाही. शेजारच्या वैनींनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "अगं, काय उठलंया हे तोंडावर? उष्णता झालीया तुला. सब्जा भिजवून पी, आणि ती इंग्लिश औषधं दे टाकून." दुसरीने कोरफड सुचवली, तिसरीने टूथपेस्ट. मंगळवार पेठेत सल्ला मागावा लागत नाही. माझ्या दिराने तर गंगावेशीवर मिळणाऱ्या म्हशीच्या धारोष्ण दुधावर बोट ठेवले, कारण तो स्वतः पहाटे तिथे जाऊन ते पितो आणि कधीतरी माझ्यासाठी किटलीतून आणतोही. दूध आणि मुरुमे यांचा काही संबंध काही पाहण्यांतून दिसलेला आहे, हे डॉक्टरांनीच मला नंतर सांगितले, पण एका पेल्याने तीन आठवड्यांत असा चेहरा होत नाही, हेही सांगितले.

त्या रात्री मी जेलची ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि झोपण्याआधी पुन्हा काढून घेतली. काढून घेण्याचे कारण माझी वही होती. पहिल्या दिवसापासून मी दर रविवारी सकाळी, एकाच खिडकीच्या उजेडात, चेहऱ्यावरचे फोड मोजून लिहून ठेवत होते. रोजकीर्द लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला एवढे जमतेच. सुरुवातीला ११ होते, पहिल्या रविवारी १०, दुसऱ्या रविवारी १४, तिसऱ्या रविवारी १९. संख्या वाढली होती यात शंका नव्हती. पण मी आकड्यापुढे जागाही लिहीत असे, आणि जागा वाचताना लक्षात आले की नवे फोड जवळजवळ सगळे हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेलाच होते. गालांच्या वरच्या भागात, जिथे लाली आणि आग सर्वांत जास्त होती, तिथे एकही फोड नव्हता. या दोन गोष्टी एक नसाव्यात, एवढेच मला त्या क्षणी सुचले.

दुसऱ्या दिवशी मी ठरलेल्या तारखेच्या आधीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही लक्षपूर्वक वाचली आणि मग आरसा माझ्या हातात देऊन, बोटाने माझ्या चेहऱ्याचे जणू गट पाडले. हनुवटी आणि जबडा हा एक गट. इथे नेहमी जिथे येतात तिथेच फोड आले आहेत, लहान आहेत, लवकर पिकून लवकर बसत आहेत. हा औषधाच्या सुरुवातीचा उमाळा आहे आणि तो आपोआप ओसरेल. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालचे गाल हा दुसरा गट. इथे फोड नाहीत. लाली, पापुद्रे आणि चरचर आहे, म्हणजे त्वचा भाजली आहे, आणि ते सोसत राहण्याचे काहीच कारण नाही. यांखेरीज तिसरीही एक शक्यता असते. ज्या भागात कधीच मुरुमे येत नव्हती तिथे ती येऊ लागली, तर औषधाऐवजी नवे तेल, नवे क्रीम किंवा असेच काही रंध्रे बुजवते आहे का ते पाहावे लागते. आणि पापण्या सुजणे, पित्तासारख्या गांधी उठणे, पाणी भरलेले फोड येणे किंवा मोठ्या दुखऱ्या गाठींबरोबर ताप येणे, यांपैकी काही झाले तर औषध तत्काळ थांबवून त्याच दिवशी दाखवायचे असते.

हा भेद मला सर्वांत उपयोगी पडला. हल्ली कोणत्याही क्रीमने चेहरा बिघडला की 'पर्जिंग आहे, आतले बाहेर पडते आहे, थोडे दिवस सोसा' असे सांगण्याची रूढीच पडली आहे, आणि विक्रेत्यांना ती फार सोयीची आहे. पण सुरुवातीचा उमाळा अपेक्षित असतो तो पेशींची उलाढाल वाढवणाऱ्या औषधांनी. साधा साबण, खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावून मुरुमे उठली, तर तिथे आतले काही 'बाहेर पडत' नसते; ती वस्तू त्या त्वचेला चालत नसते, इतकेच. उमाळ्यालाही मुदत असते, आणि तीन महिने उलटूनही फोड वाढतच असतील तर त्याला उमाळा म्हणता येत नाही.

मग डॉक्टरांनी माझ्या बोटाच्या टोकावर स्वतः जेल काढून दाखवले. तो वाटाणा पाहून मला माझीच लाज वाटली. मी त्याच्या चौपट लावत होते, आणि जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, आग तेवढी वाढते. पाच रात्री जेल पूर्ण बंद आणि फक्त साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर. त्यानंतर दर तिसऱ्या रात्री जेल, तेही असे: सौम्य साबणाने चेहरा धुवायचा, टिपून अर्धा तास कोरडा ठेवायचा, मॉइश्चरायझरचा पातळ थर द्यायचा, ओठांच्या कोपऱ्यांना आणि नाकपुड्यांच्या कडांना किंचित व्हॅसलीन, मग एक वाटाणा जेल ठिपक्याठिपक्यांनी चेहराभर पसरायचे आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर. फक्त दिसणाऱ्या फोडांपुरते लावायचे नाही, कारण औषध न दिसणाऱ्या बुचांसाठी आहे. सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, स्कार्फ असला तरी. स्कार्फ रोजच्या रोज धुवायचा. मसुराचे पीठ, लिंबू, घासणी, वाफ, सारे बंद, आणि फोड फोडायचा नाही, कारण आपल्या सावळ्या त्वचेत फोडापेक्षा त्याचा डाग जास्त काळ टिकतो.

बेन्झॉइल पेरॉक्साइड मात्र त्यांनी दोन आठवडे थांबवले. त्याच्याविषयी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. ते कपड्यांचा रंग उडवते. आमच्या न्हाणीघरातल्या मरून टॉवेलवर नारिंगी डाग पडले, तेव्हा सासूबाईंनी धुणेवाल्या मावशींना बोल लावला आणि मावशींनी नव्या साबणाला. मी वाचून खात्री करून घेईपर्यंत एक उशीचा अभ्राही गेला होता. आता माझा टॉवेल पांढरा आहे आणि मावशींची मी माफी मागितली आहे.

पाच रात्रींच्या विश्रांतीने गालांची आग गेली. त्यातूनच कळले की गालांचे दुखणे माझ्या हाताचे होते. हनुवटीवरचे फोड मात्र त्यांच्याच गतीने चालले. चौथ्या रविवारी १८, पाचव्या रविवारी १६, सहाव्या रविवारी पुन्हा १७. हा आकडा पाहून मी चांगलीच खचले होते, कारण चढ एकदा उतरला की तो उतरतच जाईल अशी अपेक्षा होती. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पाळीची तारीख विचारली. ती चार दिवसांवर होती. सातव्या रविवारी १२ आणि आठव्या रविवारी ९ झाले. आरंभीच्या ११ च्या खाली आकडा पहिल्यांदा तेव्हा आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत, म्हणजे सुमारे नऊ आठवड्यांनंतर, नव्या गाठी येणे जवळजवळ थांबले होते, पण चेहरा काही स्वच्छ नव्हता. उमाळ्यातल्या फोडांनी आपापले डाग मागे ठेवले होते. डाग आणि फोड यांतला फरक दुरून दिसत नाही, त्यामुळे वैनींनी तिळगूळ देताना "अजून हाईच की गं" असे म्हटले, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. डागांना हात लावून पाहिला तर ते सपाट होते, दुखत नव्हते. आरशापेक्षा बोटाने अधिक खरे सांगितले असा हा एकच काळ. रथसप्तमीपर्यंत आणखी चार घरी हळदीकुंकू झाले आणि प्रत्येक ठिकाणी मी गालाला हळद न लावता कपाळालाच लावा, अशी विनंती केली, दोघींनी मानली.

बाराव्या रविवारी वहीत ५ लिहिले. तोपर्यंत मी एक दिवसाआड जेल लावू लागले होते आणि चरचर होत नव्हती. आता मी चौथ्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी जेल बंद न करता पुढेही काही महिने चालू ठेवायला सांगितले आहे, कारण नवी बुचे बसू न देण्याचे काम ते करत असते, आणि थांबवल्यावर पुन्हा बसू लागतात. ट्यूब आता बरेच दिवस पुरते. चार वाटाण्यांच्या काळात ती दहा दिवसांत संपली होती. पाळीच्या आधी हनुवटीवर एखादी गाठ अजूनही येते, आणि ती दर महिन्याला येतच राहिली तर संप्रेरकांच्या तपासण्या करू, असे ठरले आहे.

जाऊबाईंनी मागच्या आठवड्यात त्यांची ती जुनी ट्यूब सोडली. त्यांचा चेहरा सध्या लाल आहे आणि आग होते आहे. त्यांना वाटते माझ्यासारखेच होत आहे, थोडे दिवस सोसले की झाले. तो उमाळा नाही, हे त्यांना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. गुरुवारी चार वाजता राजारामपुरीत त्यांची वेळ घेतली आहे, आणि मी पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.